व्हर्नियर काकांचा बावन्नावा नियम

मी हौसेने मागवलेला फासा व्हर्नियर काकांनी पहिल्याच दिवशी नापास केला. वीस बाजूंचा, पारदर्शक, आत निळ्या फुलांचे तुकडे असलेला तो फासा थेट बंगळुरूहून आला होता आणि सगळ्यांनी तो हातात घेऊन जरा कौतुक करावं, एवढीच माझी अपेक्षा होती. काकांनी तो चिमटीत धरला, खणातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि समोरासमोरच्या बाजूंच्या दहाही जोड्या मोजल्या. दहा मापं कागदावर उतरवली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सात-चौदाच्या जोडीत पॉइंट एक दोनचा फरक आहे. रिजेक्ट." आणि तो बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात टाकला. मी परत मागितला, तर म्हणाले, "नापास माल टेबलावर परत येत नाही." मला या माणसाचा राग आहे, आणि तो तेव्हापासून आहे.

आडनाव देवरे. मूळचे सटाण्याकडचे, तीस वर्षं नाशिकच्या अंबडला एका कारखान्याच्या तपासणी विभागात काढलेली. यंत्रावरून उतरलेला नग मोजायचा आणि मापात बसत नसेल तर बाजूला काढायचा, एवढंच काम. निवृत्त झाले तरी ते अंगातून गेलं नाही. भाजीवाल्याचा काटा, सोसायटीच्या जिन्याच्या पायऱ्या, काकूंच्या पोळ्या, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. बोलणं शुद्ध आणि संथ, पण भडकले की आतला सटाणा बाहेर यायचा. "हाई काय शे?" असा आवाज आला की समजायचं, कोणीतरी फासा टेबलावरच्या परातीबाहेर टाकलाय. व्हर्नियर हे नाव आमच्यातल्या अझहरने ठेवलं. काकांच्या कानावर गेलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चांगलं आहे. वस्तू अचूक आहे."

असा माणूस या खेळात आलाच कसा, हे मला आजही पचत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात. माझं पात्र काय करतं ते मी तोंडाने सांगायचं आणि ते जमलं की नाही ते फासा ठरवतो. पोरासोरांचा, कल्पनेत भराऱ्या मारणाऱ्यांचा खेळ. काकांचा मुलगा जर्मनीला गेला आणि खेळाचा खोका माळ्यावर राहिला. लॉकडाउनमध्ये काकांनी तो काढला, जाडजूड इंग्रजी पुस्तक मशीनचं मॅन्युअल वाचावं तसं वाचलं, लाल पेन्सिलीने त्यातल्या विसंगती दाखवल्या आणि शेवटी वैतागून स्वतःचे नियम मराठीत लिहायला घेतले. एक लांबुळकं हिशेबाचं रजिस्टर, बारीक सुवाच्य अक्षर, प्रत्येक नियमाला क्रमांक. राज्यही त्यांनीच रचलं, सात घाटांचं. खिंडी, जकातनाके, पाणवठे, खेचरांचे तांडे. एवढी कल्पनाशक्ती असलेला माणूस एवढा खडूस कसा असू शकतो?

दर रविवारी सकाळी दहाला इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही जमायचो. मी, अझहर आणि अधूनमधून येणारे एक-दोघं. अझहरचं भद्रकालीत पडद्यांच्या कापडाचं दुकान, तो रविवारी भावाला गल्ल्यावर बसवून यायचा. येताना मिसळ खाऊन आलात तर हात साबणाने दोनदा धुवायचे, हा दारातला नियम, कारण तर्रीचा हात फाशाला लागता कामा नये. इतर ठिकाणी गोष्ट चालवणारा पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे आपले फासे टाकतो. त्याला काय पडलं ते कोणाला दिसत नाही, आणि मग तो सांगेल ते खरं. काकांना हा प्रकार ऐकूनच शिसारी आली होती. त्यांनी टेबलाच्या मधोमध काकूंची पितळी परात ठेवली. सगळ्यांचे फासे परातीत, सगळ्यांसमोर, त्यांचेसुद्धा. "लपवायचं असेल तर टाकायचा कशाला?" ते म्हणायचे.

माझं पात्र होतं भिवरा, डोंगरवाटांनी निरोप पोहोचवणारी जासूद. पहिल्याच महिन्यात तिला नदी ओलांडायची होती. मी म्हटलं, ती पोहून जाते. काकांनी माझा कागद पुढे ओढला. "पोहणं लिहिलेलं नाही."

"लिहायचं राहिलं. पण नदीकाठच्या गावची आहे ती, काका! तिला पोहता येणार नाही का?"

"माझी आई गिरणाकाठची. तिला येत नव्हतं."

"अहो, पण ही गोष्ट आहे, ऑडिट नाही!"

"गोष्ट आहे म्हणूनच सांगतोय. ऑडिटमध्ये फसवलं तर कंपनी बुडते. इथे फसवलं तर काहीच उरत नाही."

भिवरा तीन दिवसांचा वळसा घालून पलीकडे गेली आणि तोवर नाक्यावरची माणसं पळालेली होती. घरी येऊन मी उशी आपटली. चांगली नोकरी करणारी, पस्तिशीची बाई, रविवारी सकाळी स्वतःच्या मनाने एक नदी पोहू शकत नाही!

अझहरचं तर त्याहून वाईट झालं. त्याचा गवय्या, मौलाबक्ष, चार वर्षं जपलेला. गाणं म्हणून पहारेकऱ्यांना झोपवणारा, आम्हा सगळ्यांचा लाडका. एका रविवारी तो छपराला लटकणाऱ्या दोरावरून झोका घेऊन निसटायला गेला आणि परातीत दोन पडले. अझहर हात जोडून म्हणाला, "काका, थोडं तर सोडा यार. चार साल का आदमी है." काकांनी रजिस्टर बघितलंही नाही. "उंची चाळीस हात. दोन पडले. गेला." मी अर्धा तास भांडले. अझहर खाली जाऊन चहा पिऊन आला आणि पुढच्या रविवारी नवीन कोरा कागद घेऊन हजर. मला म्हणाला, "दुसरीकडे पण खेळलोय ना मी. तिकडे कोणी मरतच नाही. मग मज्जा पण कशाची येणार? आपला मौला मेला तर मेला, पण खरोखर होता." मला पटलं नाही. मी त्याला काकांचा चमचा म्हणाले.

मी नुसती भांडून थांबणाऱ्यातली नाही. मी माझं स्वतःचं टेबल सुरू केलं. कॉलेजची पाच मुलं गोळा केली आणि जाहीर केलं की इथे खेळाडू म्हणेल ते होईल, फासा फक्त गंमत म्हणून. पहिल्या रविवारी धमाल आली. दुसऱ्या रविवारी पाचांपैकी चार जण राजे झाले आणि पाचवा देव. तिसऱ्या रविवारी दोघंच आले आणि मोबाइल बघत बसले. चौथ्या रविवारी मी मुकाट्याने काकांची बेल वाजवली. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त "हात धुतलेस का?" एवढंच. ते हसले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा राग तिथला आहे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. ते कधी खेळले नाहीत, पण रविवारी दुपारी मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "आज काय केलं भिवरेने?" मी सगळं साग्रसंगीत सांगायची. फाशावर किती पडले तेसुद्धा त्यांना लागायचं. काकांशी माझं भांडण झालं की बाबा हमखास काकांच्या बाजूने. म्हणायचे, "देवरेसाहेबांकडे वशिला चालत नाही, म्हणून तर ऐकायला मजा येते."

गेल्या उन्हाळ्यात बाबांची किडनी ढासळायला लागली. हृदय आधीच अशक्त, त्यामुळे डायलिसिस झेपणार नाही, हे डॉक्टरांनी माझ्या भावाला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना सांगायचं नाही असं घरात ठरलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रक्ताचे आकडे हीच माझी रोजीरोटी. बाबांचं रक्त मीच न्यायची आणि रिपोर्टही मीच वाचून दाखवायची. जूनच्या सुरुवातीला क्रिएटिनिन, किडनी बिघडेल तसा चढणारा आकडा, नऊ पूर्णांक चार आलं. बाबा पलंगावर टेकून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "चार पूर्णांक नऊ. उतरलंय." आधीचं पाच पूर्णांक सहा त्यांच्या लक्षात होतं. आकडे तेच आहेत, फक्त जागा बदलली, अशी मी स्वतःची समजूतही घातली. त्यांनी मान डोलावली. लॅबमधली लेक सांगतेय म्हटल्यावर ते रिपोर्टचा कागद कशाला मागतील?

त्याच आठवड्यात त्यांनी एक गोष्ट मनावर घेतली होती. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, इगतपुरीला. एका लग्नातल्या मानपानावरून दोघं नऊ वर्षं बोलत नव्हते. बाबा म्हणाले, "मोठी आहे. मीच जातो, तिच्या पायाशी बसतो, संपवतो हे." पाऊस लागायच्या आत जायचं म्हणून मी गुरुवारची गाडीही ठरवली.

त्याआधीच्या रविवारी मी खेळायला गेले. का गेले? कारण घरात सगळे खोटं बोलत होते. भाऊ, वहिनी, शेजारचे आणि सगळ्यांत जास्त मी. "आज चेहरा बरा दिसतोय हं," हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडायचं. साऱ्या नाशकात एकच जागा उरली होती जिथे जे पडेल तेच सांगितलं जायचं. भिवरा झुलत्या पुलावरून पळत होती आणि मागून दोर कापले जात होते. मला बाराच्या वर हवे होते. फासा परातीत गरगरला, काठाला लागला आणि थांबला. एक. एक म्हणजे पूर आलेली नदी, आणि भिवरेला पोहता येत नव्हतं.

काकांनी परातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रजिस्टर त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं, त्यावर त्यांनी हात ठेवला. "नियम बावन्न," ते म्हणाले. "पुरात पडलेल्याच्या हाताला काठाचं झाड एकदा लागतं. पुन्हा टाक." मी टाकला. सतरा. अझहरने टेबलावर हात आपटला आणि मी तिथेच, काकूंसमोर, हमसून रडले. रजिस्टर आमच्यापैकी कोणीही कधी उघडलं नव्हतं. काकांनी क्रमांक सांगितला म्हणजे नियम तिथे असणारच, हे आम्ही मोजल्याशिवाय मान्य केलं होतं. त्यांच्या टेबलावर मोजल्याशिवाय मान्य केलेली ती एकच गोष्ट असेल.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते उठून बसले. "एक पडूनसुद्धा वाचली? देवरेसाहेबांच्या टेबलावर?" कितीतरी दिवसांनी ते मोकळे हसले. "मग आपलंही काही एवढं बिघडलेलं नाही. आकडाही उतरलाय. गुरुवारचं राहू दे गं. दोन दिवसांत पाऊस लागेल, इगतपुरीच्या पावसात आपण जायचं आणि तिला राबायला लावायचं, त्यापेक्षा दिवाळीनंतर जाऊ. चांगले चार दिवस राहूनच येऊ." तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी फोन उचलला आणि गाडी रद्द केली.

बाबा जुलैत गेले. आत्या भर पावसात आली, लुगड्याचा पदर पिळत दारात उभी राहिली. बाबांच्या पायाजवळ बसून मला म्हणाली, "येकदा तरी निरोप धाडायचा नाय का गं? म्या काय लय लांब हाय? गाडीत बसले असते न् आले असते." मी तिच्यासाठी कोरडं पातळ शोधायला आत गेले आणि कपाटापुढे उभी राहिले.

महिन्याभराने, ऑगस्टमध्ये, मी पुन्हा काकांच्या टेबलावर बसले. कॉलेजची एक नवीन मुलगी आली होती. तिचं पात्र पुरात पडलं, फासा वाईट पडला आणि ती कावरीबावरी झाली. मी म्हटलं, "घाबरू नकोस, बावन्न नंबर आहे ना. काका, सांगा तिला." काका परातीकडे बघत राहिले. "तो इथे लागू नाही," ते म्हणाले. का नाही, ते सांगेनात. अझहरला वाटलं गंमत चाललीय. त्याने त्यांच्यापुढचं रजिस्टर ओढलं, पानं उलटली आणि मोठ्याने वाचायला लागला, "बावन्न. एका खेचरावर दोन पखालींपेक्षा जास्त ओझं..." आणि मध्येच थांबला.

"हे काय आहे, काका?" मी विचारलं.

"तसा नियम नव्हता," ते म्हणाले. "त्या दिवशी मी केला."

"का?"

"तुझा चेहरा बघवेना."

माझं डोकंच फिरलं. "चेहरा? चेहरा हे माप आहे? मौलाबक्षाला चाळीस हातांवरून पाडलंत, तेव्हा अझहरचा चेहरा नाही दिसला? पाच वर्षं मला एक नदी पोहू दिली नाहीत आणि त्याच दिवशी दया आली? मी तुमच्याकडे दयेसाठी येत होते का हो? घरी भरपूर होती ती! बाबांनी तुमच्या फाशावर विश्वास ठेवला. देवरेसाहेबांकडे वशिला चालत नाही म्हणायचे. भिवरा वाचली म्हणून ते इगतपुरीला गेले नाहीत. बहिणीला न भेटता गेले ते, तुमच्यामुळे!"

काकू आतून बाहेर आल्या. ती मुलगी रडकुंडीला आली होती. काका उभे राहिले, तपासणीत पकडला गेलेला कामगार उभा राहतो तसे, हात खाली सोडून. बाबांबद्दल त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तरी म्हणाले, "हो. माझी चूक." मी चप्पल घातली आणि निघाले. जिना उतरताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवते. सगळं त्यांच्या अंगावर टाकून मी अगदी हलकी झाले होते, कारण नऊ पूर्णांक चारबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

तो हलकेपणा आठवडाभरही टिकला नाही. लॅबमध्ये कोणाचाही रिपोर्ट टाइप करताना आकडा दोनदा बघायची, तिसऱ्यांदा बघायची. काकूंचे फोन आले, मी उचलले नाहीत. राग काकांवरच ठेवणं सोयीचं होतं आणि मी तो नीट जोपासला. हा माणूस आधीच सगळ्यांसारखा सैल असता तर बाबांनी त्याच्या फाशावर विश्वासच ठेवला नसता, इथपर्यंत माझं म्हणणं गेलं. एवढं काटेकोर वागायचंच कशाला, जर एक दिवस मोडायचं होतं? हा प्रश्न मी त्यांना मनातल्या मनात शंभर वेळा विचारला. स्वतःला एकदाही नाही.

डिसेंबरात अझहर लॅबवर आला. तो चिडला की मराठीच बोलतो, अगदी सावकाश. म्हणाला, "काका-काकू जर्मनीला चाललेत, मुलाकडे. परवाचं विमान आहे. ऑगस्टपासून टेबल बंद आहे, तुला माहिती आहे? मी दोनदा गेलो. म्हणाले, ज्याने खोटं माप दिलं त्याने तपासणीला बसू नये. तू बोललीस ते बरोबर असेल, वृंदा. पण एका म्हाताऱ्या माणसावर तू तुझे वडील टाकलेस." मी त्याच्याशीही भांडले. तो निघून गेला. संध्याकाळी लॅबमधून निघाले ती सरळ इंदिरानगरला गेले.

हॉलमध्ये उघड्या बॅगा होत्या. काका वजनकाट्यावर एकेक बॅग ठेवून कागदावर लिहीत होते. मला बघून उठले. काकू पाणी ठेवून, दार ओढून आत गेल्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हणाले, "काका, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. भिवरेच्या आधी मी बाबांना खोटा आकडा सांगितला होता. रिपोर्टचा. ते त्यावर थांबले. तुमच्या फाशाने फक्त री ओढली. ते मला ऑगस्टमध्येही माहीत होतं, तरी तुम्हाला बोलले." माझा आवाज चढलेलाच होता. माफी मागायला आलेल्या माणसाचा असा नसतो, पण माझ्याकडे दुसरा नव्हता.

मला वाटलं, काका आता म्हणतील, जाऊ दे, लेक आहेस, मायेपोटी झालं. भाऊ असंच म्हणाला असता, वहिनी, डॉक्टर, सगळे असंच म्हणाले असते. काकांनी तसं म्हटलं असतं तर मी त्यांना जन्मभर माफ केलं नसतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं,

"खरा किती होता?"

मला त्याही क्षणी त्यांचा भयंकर राग आला. मी तोंड उघडलं. सहा महिन्यांत तो आकडा मी कोणाहीपुढे उच्चारला नव्हता.

"नऊ पूर्णांक चार," मी म्हणाले.